बेवारस बॅगा

फेब्रुवारी २०११मध्ये इंटरनेटवर तीन मिनिटांची एक जाहिरात आली. रिसॉर्टच्या हिरवळीवर एक लहान मुलगी मरून पडली आहे, डोळे उघडे. मग सगळं उलटं चालू लागतं. ती हिरवळीवरून वर उचलली जाते, हवेतून हॉटेलच्या खिडकीकडे जाते, फुटलेली काच तिच्यामागे सांधली जाते. खोलीत तिचा बाप दिसतो; त्यानेच तिला बाहेर फेकलेलं असतं, कारण ती आता त्याची मुलगी उरलेली नसते. मधूनमधून सुलट चालणारे तुकडे येतात. हॉटेलच्या लांबलचक बोळातून जीव घेऊन पळणारी तीच मुलगी, मागे झोंबींचा लोंढा, दार उघडून हात पुढे करणारा बाप. दोन्ही काळ एकमेकांकडे सरकत राहतात आणि बापलेकीची बोटं टेकता टेकता राहतात तिथे एकत्र येतात. शेवटी घरच्या कॅमेऱ्यावर टिपलेली सुट्टी, हसणारी तीन माणसं. मागे पियानो, तोही हळू.

ही जाहिरात ‘डेड आयलंड’ नावाच्या व्हिडिओ गेमची. ती केली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या ॲक्सिस ॲनिमेशनने, संगीत जाइल्स लॅम्ब यांचं. त्या वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात तिला सुवर्ण मिळालं आणि ते योग्यच होतं. झोंबी म्हटलं की आपण भीतीची, किळसेची तयारी ठेवून बसतो. इथे पुढ्यात दुःख आलं, तेही उलट्या पावलांनी. गेम मात्र तिकडे पोलंडमध्ये, व्रोत्सुआफ शहरातल्या टेकलँड कंपनीत तयार होत होता. सप्टेंबर २०११मध्ये तो बाजारात आला. मी घेतला, खेळलो, मध्येच सोडला, पुन्हा खेळलो. अलीकडे भाच्याने त्याची नंतर आलेली उजळलेली आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर टाकून दिली, तेव्हा आणखी एकदा खेळलो. तक्रार तीच राहिली. ती नक्की कशाबद्दल आहे, हे आता कुठे उमगायला लागलं आहे.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं आहे. बानोई हे पापुआ न्यू गिनीजवळचं कल्पित बेट. निळा समुद्र, नारळी, पोहण्याचे तलाव, बारपुढच्या उंच खुर्च्या, सगळं लख्ख उन्हात; आणि त्या उन्हात मेलेली माणसं चालताहेत. झोंबीपटांचा ठरावीक अंधार इथे नाही. चार पात्रांतलं एक निवडायचं: हॉटेलात काम करणारी शिआन मे, रॅपर सॅम बी, कधीकाळचा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू लोगन, किंवा पूर्णा. नाव आपल्याकडच्या नदीचं वाटलं तरी ही पूर्णा सिडनीच्या पोलीस दलातून बाहेर पडलेली, मूळच्या ऑस्ट्रेलियन आदिवासी रक्ताची. सुरुवातीला बंदूक नसते. हाती लागतं ते बोटीचं वल्हं, लोखंडी नळी, स्वयंपाकघरातली सुरी. त्या वल्ह्याला वजन आहे. फटका हुकला की आपण उघडे पडतो, दोन-चार फटक्यांत दम लागतो, श्वास जमेपर्यंत मागे सरावं लागतं. पहिला झोंबी आडवा व्हायला वेळ लागतो आणि तो आडवा झाल्यावर आपण त्याच्याकडे बघतो. कुणी पोहण्याच्या कपड्यात, कुणी हॉटेलच्या कर्मचाऱ्याच्या. हा काल इथे टॉवेल वाटत असेल, असं मनात येऊन जातं. पहिला तासभर गेम त्या जाहिरातीच्या शेजारी उभा राहू शकतो.

मग हिशेब सुरू होतो.

प्रत्येक झोंबीच्या डोक्यावर एक पट्टी आणि एक आकडा. पट्टी म्हणजे त्याचा उरलेला जीव, आकडा म्हणजे त्याची लेव्हल. तुमचीही लेव्हल असते. मारत गेलात की वाढते. वाढली म्हणजे बळ आलं, असं वाटून आपण सुखावतो तोवर लक्षात येतं की बेटावरच्या यच्चयावत झोंबींची लेव्हलही त्याच वेळी वाढली आहे. तुम्ही पाचवर होता तेव्हा ते पाचवर, तुम्ही वीसवर तेव्हा तेही वीसवर. म्हणजे पहिल्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर एक माणूस पाडायला जेवढे फटके लागत, साधारण तेवढेच शेवटच्या टप्प्यातल्या तुरुंगातही लागतात. मधल्या काळात फक्त सुरीचं नाव लांबलेलं असतं आणि तिच्यापुढचा आकडा तीन अंकी झालेला असतो. जुनी सुरी तोवर निकामी. ती बोथट झाली म्हणून नव्हे, आकड्यांच्या महागाईत तिची किंमत उरली नाही म्हणून.

त्यात हत्यारं मोडतात. वल्हं मोडणं समजू शकतो. कोयत्यासारखं जाड पातं मूठभर मारामाऱ्यांत कामातून जातं, हे पचायला कठीण आहे. मग दुरुस्ती. दुरुस्तीसाठी जागोजागी वर्कबेंच ठेवले आहेत आणि इथे गेमने मला सगळ्यात जास्त हसवलं. वर्कबेंचवर हत्यार नीट करायला पैसे पडतात. कुणाला द्यायचे? तिथे कुणीच नसतं. ना मिस्त्री, ना गल्ला, ना पावती. बेटावर जगबुडी झाली आहे, सरकार नाही, बँक नाही, तुम्ही स्वतःच्या हाताने, स्वतः जमवलेल्या खिळ्यांनी, स्वतःचं हत्यार ठोकून नीट करता, आणि खिशातले डॉलर कमी होतात. भाच्याला हे दाखवलं तर तो म्हणाला, “मामा, तू फार विचार करतोस. लाथ मार आणि पुढे चल.” लाथ हे या गेममधलं खरोखरच सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. ती मोडत नाही आणि तिला दुरुस्ती लागत नाही.

पुढे चललो तर काय? एक जण म्हणतो पाणी आणून दे. दुसरी म्हणते डबाबंद खाणं आण. तिसऱ्याला इंधन हवं, चौथ्याला दारू. प्रत्येकासाठी त्याच वाटेने जायचं, वाटेतले झोंबी मारायचे, वस्तू उचलायची, त्याच वाटेने परत यायचं. परत येताना मघाशी साफ केलेल्या त्याच वळणावर तसेच झोंबी पुन्हा उभे. रिसॉर्ट संपतं, मोर्सबी नावाचं शहर लागतं, मग जंगल, मग तुरुंग. झाडांच्या जागी भिंती येतात, बाकी काम तेच. समुद्रकिनाऱ्यावर ज्या उन्हाने मला जिंकलं होतं ते शहराच्या गटारांत उतरल्यावर गेलं, आणि त्याच्या जागी घ्यायला गेमकडे दुसरं काही नव्हतं.

भाच्याचा बचाव असा की हा चौघांनी मिळून खेळायचा गेम आहे. एकट्याने खेळून कुरकुरणं म्हणजे पत्त्यांचा डाव एकट्याने मांडून बसणं. यात तथ्य आहे. चार मित्र इंटरनेटवरून एकत्र आले की वल्ह्याने कुणाला समुद्रात ढकललं, कुणाच्या अंगावर गॅसची टाकी फुटली, यावर खिदळत रात्र जाते. पण चार मित्र एकत्र बसून बसच्या रांगेतही खिदळतात. त्याचं श्रेय रांगेला द्यायचं का?

उथळपणाशी माझं वाकडं नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढची काही वर्षं आपल्याकडच्या सायबर कॅफेत सेगा कंपनीचा ‘हाउस ऑफ द डेड’ सर्रास असायचा. मॉलमधल्या गेम झोनमध्ये त्याला प्लास्टिकची बंदूक, कॅफेत नुसता माउस. समोर झोंबी आला की टिचकी, पडद्याबाहेर टिचकी मारली की गोळ्या भरल्या. विचार शून्य. पण तो तासाभराच्या आत संपायचा आणि संपेपर्यंत खोटं काही सांगत नव्हता. याच कंपनीने १९९९मध्ये त्याच्या दुसऱ्या भागाचा ‘द टायपिंग ऑफ द डेड’ असा अवतार काढला. त्यात बंदुकीऐवजी कीबोर्ड. झोंबीच्या छातीवर शब्द उमटतो, तो बिनचूक टाइप केला की झोंबी मरतो. गोष्टीतली पात्रंही बंदुकीऐवजी गळ्यात कीबोर्ड अडकवून फिरतात. आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटवाल्यांच्या हाती हा गेम लागला असता तर तीस-चाळीसच्या परीक्षांना वेगळीच पोरं बसली असती. यांत्रिक काम तर हेही, पण इथे बोटं खरंच सुधारायची.

तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावतो, एवढ्याने कुठलाही गेम वाईट ठरत नाही. तबल्याचा कायदा घ्या. ‘धाधातिट धाधातूना’ एवढेच बोल. वाजवणारा तेच वाजवतो, मग दुप्पट करतो, मग पलटे घेतो. पलट्यात बाहेरचा एकही बोल आणायची मुभा नसते, असलेलेच मागेपुढे करायचे. अर्धा तास ऐका, कंटाळा येत नाही, कारण आधीचं आवर्तन कानात असतं आणि पुढचं त्याला काहीतरी उत्तर देतं. ‘डेड आयलंड’मध्ये आधीच्या फटक्याला पुढचा फटका उत्तर देत नाही. तो नुसता पुढचा असतो.

हे जमलेले झोंबी गेमही आहेत. व्हॉल्व्हच्या २००८च्या ‘लेफ्ट फोर डेड’मध्ये झोंबी कुठे, किती, केव्हा सोडायचे हे संगणकातला एक अदृश्य सूत्रधार ठरवतो, त्याला तिथे दिग्दर्शकच म्हणतात. खेळणाऱ्यांवर किती ताण आला आहे याचा तो अंदाज घेतो. ताण शिगेला पोचला की हात आखडता घेतो, थोडी शांतता देतो, आपण सैलावलो की पुन्हा लोंढा सोडतो. तीच इमारत, तेच जिने, पण दोन खेळ सारखे होत नाहीत. आणि जपानच्या कॅपकॉमने २००६मध्ये काढलेला ‘डेड रायझिंग’ तर झोंबी मारण्याला कामच मानत नाही. फ्रँक वेस्ट हा छायाचित्रकार-पत्रकार कोलोराडोतल्या विलामेट नावाच्या कल्पित गावातल्या मॉलमध्ये उतरतो. त्याच्याकडे बहात्तर तास आहेत, खेळणाऱ्याच्या घड्याळात सुमारे सहा. त्या वेळात कुणाला वाचवायचं, कुणाला मरू द्यायचं, कुठल्या रहस्यामागे धावायचं हे ठरवायचं. सगळं जमत नाही. झोंबी म्हणजे वाटेतली गर्दी. मारत बसलात तर घड्याळ पुढे जातं आणि तिकडे स्वच्छतागृहात अडकलेलं कुणीतरी मरतं. मारायचेच असतील तर त्यासाठीही गेममध्ये एक बक्षीस आहे. ५३,५९४ झोंबी मारणाऱ्याला ते मिळतं. हा आकडा उगाच नाही, विलामेटची ती लोकसंख्या आहे. म्हणजे बक्षीस घ्यायला येताना तुम्ही अख्खं गाव मारून आलेले असता आणि गेमला ते ठाऊक असतं. त्या आकड्याच्या थट्टेत मला पुष्कळ शहाणपण दिसतं.

‘डेड आयलंड’ला काय ठाऊक असतं? इथे बॅगांकडे यावं लागतं.

बानोईवर बॅगा आहेत. चाकाच्या, चामड्याच्या, उभ्या, आडव्या, खोलीत, बोळात, बंगल्यांच्या पायऱ्यांवर, तलावाच्या काठाला. पर्यटक सुट्टीवर आले आणि मेले, बॅगा राहिल्या. त्या प्रत्येक बॅगेजवळ गेलं की ती उघडता येते, आणि उघडावीच लागते, कारण वर्कबेंचला पैसे लागतात. मुंबईत रोज बेवारस वस्तूला हात न लावण्याच्या सूचना ऐकत प्रवास करणाऱ्या माणसाला आधी थोडं अवघडल्यासारखं होतं. नंतर हात सरावतो. आत काय असतं? डॉलर. चिकटपट्टी. खिळे, वायर, साबण, डिओडरंटचा डबा. डिओडरंट आणि चिकटपट्टीपासून बाँब होतो, म्हणून दोन्ही घ्यायचे. पुढची बॅग. डॉलर, वायर, साबण. एकाही बॅगेत मापाने लहान असा फ्रॉक नाही, गोळ्यांची स्ट्रिप नाही, कुणासाठी घेतलेली आणि अजून न दिलेली भेट नाही. या गेमने माझ्याकडून उघडून घेतलेल्या बॅगांपैकी एकही कुणाची नव्हती.

आमची आत्या गेली तेव्हा हॉस्पिटलमधून तिची कापडी पिशवी माझ्या हातात आली. चष्मा होता, एसटीचं ज्येष्ठ नागरिकांचं कार्ड होतं, सेफ्टीपिनांचा झुबका होता. आणि पैसे होते. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या पुड्या, प्रत्येकीवर पेनने लिहिलेलं: दूध, पेपर, इस्त्री, सुमनबाई. दवाखान्यात जायच्या आधी तिने महिन्याची देणी बांधून ठेवली होती. त्या पुड्या मी तिच्या चाळीत जाऊन ज्याच्या त्याला दिल्या. सुमनबाईंच्या पुडीत पाच रुपये जास्त निघाले. त्या म्हणाल्या, मागच्या महिन्याचे राहिले होते, त्यांच्या लक्षात होतं वाटतं.

मेलेल्या माणसाचे पैसे असे असतात. ते कुणाचे तरी असतात आणि कुणाला तरी जायचे असतात. ज्या गेमची जाहिरात एका मुलीच्या आणि तिच्या बापाच्या हातांतलं वीतभर अंतर दाखवून विकली गेली, त्या गेममध्ये हजारो मेलेल्यांच्या बॅगा एकाच माणसाने, एकाच दिवशी, एकाच दुकानातून भरल्यासारख्या निघाव्यात, हा तांत्रिक दोष मानायला मी तयार नाही. फटके तेच ते आहेत, कामं तीच ती आहेत, ते सगळं सोसलं असतं. पण प्रत्येक बॅग वेगळी असायला हवी होती. निदान काही. दहातल्या एका बॅगेत एखादी तरी वस्तू अशी, की जी उचलून काही उपयोग नाही. निरुपयोगी वस्तूशिवाय माणूस दिसत नाही, आणि हा गेम निरुपयोगी वस्तू ठेवतच नाही.

ठेवतो, नाही असं नाही. बेटावर काही ओळखपत्रं विखुरलेली सापडतात. त्यांवर नावं आहेत. ती गोळा करत जायची, ठरावीक संख्या झाली की बक्षीस. म्हणजे मेलेल्यांना नाव मिळालं, पण संग्रहाची वस्तू म्हणून.

ही खोड गेमच्या वेष्टनापासूनच आहे. ‘डेड आयलंड’च्या नाममुद्रेत मुळात एक नारळाचं झाड होतं आणि त्याला लटकलेला एक माणूस. सुटका नाही हे कळल्यावर कुणीतरी गळफास घेतला असावा. एवढ्याशा काळ्या आकृतीत एक अख्खी गोष्ट होती. उत्तर अमेरिकेतल्या मानांकन मंडळाला ते चालेना. तिथल्या खोक्यावर झाडाखाली माणसाच्या जागी उभा झोंबी आला. लटकलेला माणूस चालत नाही, झोंबी चालतो. आणि पुढचा भाग, ‘रिपटाइड’, २०१३मध्ये यायचा होता तेव्हा प्रकाशक डीप सिल्व्हरने त्याच्या खास आवृत्तीसोबत एक पुतळा देऊ केला: बिकिनीतल्या बाईचं रक्ताळलेलं धड, डोकं आणि हातपाय तोडलेलं. टीका इतकी झाली की कंपनीला माफी मागावी लागली. मला तो पुतळा बीभत्स वाटला, पण अनपेक्षित नाही. डोकं नसलेलं शरीर हे या गेमच्या सगळ्या बेटाचंच स्मारक शोभलं असतं.

झोंबीचा जन्म मात्र नेमक्या उलट ठिकाणी झाला होता. हैतीच्या उसाच्या मळ्यांत फ्रेंच मालकांनी आफ्रिकेतून आणलेले गुलाम मरेपर्यंत राबत. मेल्यावर तरी सुटका, हा एकच दिलासा. तोही कुणी हिरावून घेतला तर, या धास्तीतून झोंबी आला. आत्मा काढून घेतलेलं, मालकासाठी राबत राहणारं शरीर. त्याच्याबद्दलची भीती तो आपल्याला चावेल ही नव्हती, आपण तो होऊ ही होती. १९३२च्या ‘व्हाइट झोंबी’ या चित्रपटात हे अजून शिल्लक आहे. साखरेच्या घाण्यावर झोंबी राबताहेत, त्यांतला एक तोल जाऊन यंत्रात पडतो आणि बाकीचे न थांबता चक्र ओढत राहतात. तासन्‌तास एकच बटण दाबणारा खेळाडूच खरा झोंबी, हा विनोद यावरून सगळे करतात. मी करत नाही. खेळाडू उठून जाऊ शकतो.

जॉर्ज रोमेरो यांनी १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये झोंबीला माणूस खायला लावलं आणि आज आपण ज्याला झोंबी म्हणतो तो तयार झाला. त्या चित्रपटाचा शेवट मी विसरू शकत नाही. ड्वेन जोन्सने उभा केलेला बेन, एक कृष्णवर्णीय माणूस, रात्रभर शेतघरात झुंजून एकटा वाचतो. सकाळी बाहेर बंदुका आणि कुत्री घेऊन गावकऱ्यांची टोळी शेतांमागून शेतं साफ करत येते आहे. बेन खिडकीशी येतो. ते त्याला झोंबी समजून गोळी घालतात. मग मांस ओढायचे आकडे लावून प्रेत ओढतात आणि इतर प्रेतांबरोबर जाळतात. रोमेरोंची खरी भयानक माणसं तीच. कंटाळलेली, सरावलेली, एकामागून एक डोकी टिपत जाणारी, कोण आहे हे न बघणारी. ‘डेड आयलंड’ आपल्याला पहिल्या तासानंतर नेमकी त्या टोळीतली नोकरी देतो. आणि त्या नोकरीबद्दल त्याला काही म्हणायचं नसतं.

आपल्याकडे आदित्य सरपोतदारांनी २०२२मध्ये ‘झोंबिवली’ केला. तो फार घाबरवत नाही, पण टॉवर आणि वस्ती यांच्यात पाणी कुणाच्या नळाला येतं हा प्रश्न त्याला पडलेला दिसतो. झोंबीला डोंबिवलीत आणलं तर डोंबिवलीचं काही विचारावं लागतं, एवढं भान त्यात आहे. बानोईवर हे विचारण्यासारखं खूप होतं. एका बाजूला श्रीमंत गोऱ्या पर्यटकांचं रिसॉर्ट, दुसऱ्या बाजूला मोर्सबीच्या गरीब वस्त्या. गेम एकातून दुसरीत जातो आणि फक्त पार्श्वभूमी बदलतो.

त्याहून मोठी गोष्ट त्याने हातची घालवली. गेमच्या कथेत या रोगाचं मूळ कुरूशी जोडलं आहे. कुरू हा खरा रोग आहे. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातल्या फोरे लोकांत तो होता. रुग्णाला कापरं भरायचं, चालणं जायचं, मग गिळणं जायचं आणि मृत्यू. मरणाऱ्यांत बायका आणि मुलं जास्त. १९६०च्या दशकात शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास या मानववंशशास्त्रज्ञांनी गावोगाव नातेसंबंध नोंदवून कारण शोधलं. फोरे लोक आपल्या मृत आप्तांना खात. दफन करून किड्यांच्या स्वाधीन करण्यापेक्षा ज्यांनी प्रेम केलं त्यांच्या पोटात जागा देणं बरं, अशी त्यामागची भावना. शोक करण्याचा तो विधी होता, आणि त्यात बायका-मुलांचा वाटा मोठा असल्यामुळे तेच अधिक मेले. हा रोग संसर्गाने पसरतो हे चिंपांझींवरच्या प्रयोगांतून दाखवल्याबद्दल कार्लटन गायडुशेक यांना १९७६चं नोबेल मिळालं. १९६०च्या सुमारास प्रथा थांबली, तरी पुढे कित्येक दशकं जुने संसर्ग रोग होऊन वर येत राहिले. मुलीसाठी हात पुढे करणारा बाप जाहिरातीत दाखवणाऱ्यांच्या हाती माया आणि मृत्यू यांची ही खरी गोष्ट आपण होऊन चालत आली होती. त्यांनी तिच्यातून फक्त माणूस माणसाला खातो एवढंच घेतलं, आणि जंगलातले आदिवासी म्हणून ठरीव भाले-मुखवटे उभे केले.

टेकलँडलाही काहीतरी कळलं असावं. त्यांनी २०१५मध्ये ‘डाइंग लाइट’ काढला. तोही झोंबींचाच, पण त्यात छपरांवरून धावायचं असतं, आणि रात्र पडली की आपणच शिकार होतो. पळणं हेच काम आहे म्हटल्यावर तेच रस्ते दर रात्री नवे होतात. ‘डेड आयलंड’ हे नाव मात्र प्रकाशकाकडे राहिलं. ‘डेड आयलंड २’ची घोषणा २०१४मध्ये झाली. काम आधी बर्लिनच्या येगरकडे, मग इंग्लंडच्या सुमो डिजिटलकडे, मग नॉटिंगहॅमच्या डॅमबस्टरकडे फिरत राहिलं आणि गेम आला एप्रिल २०२३मध्ये. पहिल्या तीन दिवसांत दहा लाख प्रती खपल्या. या वेळी बेट नाही, लॉस एंजेलिस आहे. झोंबीच्या गालाचं कातडं, खालचा स्नायू, त्याखालचं हाड कसं थराथराने सुटतं यावर अपार मेहनत घेतली आहे. शरीरशास्त्राच्या वर्गात दाखवावं इतकं ते नेमकं आहे. भाचा त्यावर खूश आहे.

‘डेड आयलंड’ घ्यायचाच असेल तर सवलतीत घ्या आणि सोबतीला खिदळणारी माणसं शोधा. एकट्यासाठी ‘डेड रायझिंग’ बरा. ‘डेड आयलंड २’मध्येही हत्यारं मोडतात, आणि वर्कबेंचला अजून पैसे द्यावे लागतात.